पिंगळा की आणखी कोणी? एका पिशवीभर पिसांचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या निवासी वसाहतीच्या मागच्या बाजूला जुन्या झाडांची एक रांग आहे. त्यातल्या एका झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी बरीच वर्षे राहते. संध्याकाळी दोघे फांदीवर येऊन बसतात, कलकलाट करतात. वसाहतीतल्या लहानथोरांना ते घरच्यासारखे वाटतात.

वसाहतीत उंदीर वाढले, म्हणून भिंतीलगत विषारी गोळ्या ठेवल्या गेल्या, त्याही उघड्यावर. तिथेच राहणारे एक निवृत्त काका दोन महिन्यांपासून याला विरोध करत होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते. ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकम अशा विषांमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सहज सापडतो. त्याच्या अंगातले विष मग घुबडाच्या यकृतात साठत जाते. अनेक देशांत मेलेल्या घुबडांच्या तपासणीत ही विषे सापडलेली आहेत.

अशा वातावरणात एका रविवारी सकाळी नववीतल्या एका मुलीला झाडाखाली पिसे विखुरलेली दिसली. गडद चॉकलेटी रंग, त्यावर पांढुरके ठिपके आणि पट्टे. पिंगळाही तपकिरी, त्याच्याही अंगावर पांढरे ठिपके. "पिंगळा गेला" ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पोचली. मुलीने आणि तिच्या धाकट्या भावाने पिसे एका प्लास्टिकच्या पिशवीत भरली. संध्याकाळी भिंतीच्या पलीकडे आणखी काही दिसली, तीही त्याच पिशवीत गेली. काकांनी तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला: उंदरांच्या विषामुळे घुबडाचा मृत्यू.

मी बरीच वर्षे पक्ष्यांच्या नोंदी ठेवते आणि सापडलेल्या पिसांची टिपणे करते. मुलीने मला तीन फोटो पाठवले. सोबत एकच ओळ होती: "मावशी, हा आपला पिंगळाच ना?"

अडचण

त्या एका ओळीत दोन प्रश्न होते. पिसे कोणाची, हा पहिला. पक्षी कशाने मेला, हा दुसरा. वसाहतीत सगळेजण दुसऱ्याचे उत्तर आधी ठरवून पहिल्याकडे पाहत होते.

फोटो फरशीवर काढलेले होते. शेजारी पट्टी नाही, नाणे नाही, हातसुद्धा नाही. त्यातला एक मोठा करून कापलेला. अशा फोटोत चिमणीचे पीस आणि घारीचे पीस सारखेच मोठे दिसते. तरीही मी दहा मिनिटांत उत्तर पाठवले: "पिंगळा वाटत नाही. शेपटीवरचे पट्टे पाहता पावशा असावा." मी तेव्हा गप्प राहायला हवे होते. माझा निरोप अर्ध्या तासात वसाहतीच्या गटावर गेला. तिथल्या दुसऱ्या एका पक्षीनिरीक्षकाने शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी सांगितला. काका पिंगळ्यावर ठाम राहिले. एका पिशवीला तीन नावे मिळाली आणि तिन्ही फक्त फोटो पाहून.

हा गोंधळ उगाच झाला नव्हता. पावशा कोकिळेच्या कुळातला, पण त्याचा पेहराव शिक्र्याशी इतका जुळतो की उडताना पाहिलेला पक्षीही फसवतो. पट्टे, ठिपके, तपकिरी रंग या गोष्टी कितीतरी पक्ष्यांत आहेत, कारण झाडीत लपायला त्या उपयोगी पडतात. म्हणून पीस ओळखताना रंगापासून सुरुवात केली की माणूस हटकून भरकटतो.

तक्रार सोमवारी रात्री जाणार होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तक्रार आहे तशी जाऊ देण्याचा. विषाचा मुद्दा खरा होता, मग पक्ष्याचे नाव चुकले तर काय बिघडले, असे एकदोघांनी मला विचारले. बिघडले असते. उद्या कोणी पिसे पाहून "हे घुबडच नाही" म्हटले असते, तर विषाबद्दलच्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडाला असता.

पिसांचा विषय सोडून द्यावा, अशीही एक सूचना आली. पण ज्या मुलीने पिसे गोळा केली तिला उत्तर हवे होते, आणि मलाही.

डीएनए तपासणीचा पर्याय कोणीतरी सुचवला. पिसाच्या मुळाकडच्या पोकळ नळीत, विशेषतः नळी जिथे संपते आणि पाते सुरू होते त्या बारीक छिद्राजवळच्या रक्ताच्या कणात, पुरेसा डीएनए मिळू शकतो. प्रयोगशाळेतून जातीचे नाव खात्रीने येऊ शकते. पण त्याला वेळ लागतो, आणि पिशवीत दोन पक्ष्यांची पिसे असतील तर कोणते पीस पाठवायचे हा प्रश्न उरतोच. आधी डोळ्यांनी आणि पट्टीने जे कळते ते पाहू, असे मी म्हटले.

शेवटी ठरले ते असे: काकांनी तक्रार एक दिवस थांबवायची आणि सोमवारी दुपारी पिसे समोर ठेवून पाहायची. काका चटकन तयार झाले नाहीत. "तोवर आणखी एक मरेल," असे ते म्हणाले. मग ज्या गोळ्या उघड्यावर दिसत होत्या त्या व्यवस्थापकांना सांगून त्याच दिवशी उचलायला लावायच्या, यावर त्यांनी होकार दिला.

काय केले

हातमोजे घालूनच पिशवी उघडली. कारण न कळता मेलेल्या पक्ष्याची पिसे उघड्या हाताने हाताळू नयेत. बर्ड फ्लूसारखे आजार आणि पिसांतले जीवजंतू यांचा धोका असतो. प्लास्टिकमध्ये आतून दमटपणा धरला होता, म्हणून पिसे आधी कागदावर पसरून वाळू दिली.

एकूण ४१ पिसे निघाली. मुलीने लगेच रंगाप्रमाणे ढीग करायला घेतले. मी तिला थांबवले आणि पिसे अंगावरच्या जागेप्रमाणे लावायला सांगितले. शेपटीची १०, पंखांची १४, अंगावरची १६. आणि एक छोटे करडे पीस, जे कशातच बसेना. ते बाजूला ठेवले.

पीस कुठले हे कसे कळते, ते तिने त्या दिवशी हातात धरून पाहिले. पंखाच्या पिसात दांडा मधोमध नसतो. पुढची, वारा कापणारी बाजू अरुंद आणि मागची रुंद असते. पंखाच्या टोकाकडच्या पिसांत हा फरक सगळ्यांत जास्त. शेपटीच्या मधल्या पिसांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात, आणि कडेला जावे तसा दांडा बाहेरच्या बाजूला सरकतो. अंगावरची पिसे लहान, वाकलेली, मुळाशी कापसासारखी मऊ.

डावे-उजवे ओळखायची युक्ती सोपी आहे. पिसाची फुगीर बाजू वर ठेवायची. खालच्या बाजूला दांड्यावर बारीक पन्हाळ असते, त्यावरून वर-खाली चुकत नाही. नळी आपल्यापासून लांब आणि टोक आपल्याकडे, म्हणजे जणू पक्षी आपल्याकडे पाठ करून बसला आहे. आता अरुंद बाजू डावीकडे असेल तर पीस डावे, उजवीकडे असेल तर उजवे. मुलीने शेपटीची दहा पिसे अशी लावली. पाच डावी, पाच उजवी. उंचीप्रमाणे मांडल्यावर मधली सर्वांत लांब आणि कडेची क्रमाने आखूड, असा पंखा तयार झाला. कुठेही फट नाही. तो पंखा पाहून खोलीतली बडबड थांबली, एवढा तो पूर्ण होता.

मग पट्टी लावली. मधले पीस १९ सेंटीमीटर भरले.

काकांना मी फक्त एवढेच सांगितले, की पिंगळा चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २१ सेंटीमीटरचा असतो. काकांनी पट्टी स्वतः हातात घेतली, पुन्हा मोजले आणि पीस खाली ठेवले.

तरी दुसरे एखादे घुबड असू शकेल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. घुबडाच्या पिसाची खूण रंगात नसते, स्पर्शात असते. पंखाच्या सर्वांत बाहेरच्या पिसाची पुढची कड कंगव्याच्या दातांसारखी असते, मागची कड झालरीसारखी सुटी, आणि वरचा पृष्ठभाग मखमलीसारखा. या तिन्हींमुळे त्याचे उडणे आवाज न करता होते. मासेमार घुबडांत या गोष्टी कमी असतात किंवा नसतात, आणि रातवा या रात्री उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसांनाही मऊ लव असते, म्हणून नुसत्या मखमलीवर निकाल देऊ नये. आमच्याकडे पंखाच्या टोकाची तीन पिसे होती. तिन्हींची कड गुळगुळीत आणि ताठ, पृष्ठभाग कोरडा. बोट फिरवले की कागदासारखा आवाज येत होता. शिवाय घुबडाच्या शेपटीत साधारणपणे १२ पिसे असतात.

हा बाराचा आकडा पुढेही कामी आला. शिक्र्याच्या शेपटीतही १२ पिसे असतात. कोकीळ, पावशा हे ज्या कुळातले आहेत त्यात बहुतेकांना १० असतात. दहाच सापडली म्हणून दहाच होती असे म्हणता येत नाही. दोन वाऱ्याने उडालेली असू शकतात. पण दोन हरवून उरलेली दहा इतकी नेमकी पाच-पाच, जोडीजोडीने आणि फटीशिवाय जुळावीत, हे अवघड आहे. मी याला पुरावा म्हटले नाही, भक्कम इशारा म्हटले. शिक्र्याबाबत दुसरी अडचण पंखात होती. शिकारी पक्ष्यांच्या पंखाच्या टोकाकडची काही पिसे मध्यापासून एकदम निमुळती होतात, पायरी काढल्यासारखी. पंख पसरला की त्यामुळेच बोटे फाकल्यासारखी दिसतात. आमच्या तीन पिसांत तशी ठळक पायरी नव्हती.

उरले पावशा आणि कोकीळ, म्हणजे माझे स्वतःचे उत्तर आता पणाला लागले होते. पावशाच्या शेपटीवर मोजके रुंद पट्टे असतात, टोकाजवळचा पट्टा जास्त रुंद आणि टोक तांबूस. समोरच्या पिसांवर गडद तपकिरी पार्श्वभूमीवर मुळापासून टोकापर्यंत एकामागून एक अरुंद पांढुरके पट्टे होते. पावशाची पाठ राखाडी, इथल्या पाठीच्या पिसांवर पांढरे ठिपके. पोटाची पिसे पांढरी, त्यावर गडद तपकिरी आडव्या रेघा, तांबूस छटा कुठेच नाही. हे सगळे कोकिळेच्या मादीशी जुळत होते. नर काळाभोर असतो, त्यामुळे कोकीळ म्हटले की डोळ्यांसमोर काळा पक्षीच येतो आणि ठिपक्यांची मादी आठवत नाही. पिल्लावस्थेतल्या काळपट पक्ष्यांवरही ठिपके असतात, म्हणून नोंदीत मी "कोकीळ, बहुधा मादी" असे लिहिले.

करड्या पिसाची गोष्ट वेगळी. वसाहतीतल्या एका तरुणाने ते पाहताच "हे मारणाऱ्याचे, शिक्र्याच्या छातीचे" असे म्हटले, आणि ते सगळ्यांना पटलेही. गोष्ट पूर्ण होत होती ना. पण एवढ्याशा मऊ पिसावरून डोळ्यांनी काही ठरवणे कठीण असते. त्या तरुणाच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक होता. पिसाच्या मुळाशी असलेल्या कापसातले दोनचार धागे काचपट्टीवर ठेवून पाहिले. या धाग्यांच्या उपशाखांवर अतिसूक्ष्म गाठी असतात, आणि त्यांचा आकार व मांडणी पक्ष्यांच्या गटानुसार बदलते. बदकांत टोकाकडे त्रिकोणी गाठी, पारव्या-कबुतरांत पाकळ्या उघडलेल्या फुलासारख्या. आमच्या काचपट्टीवर फुले होती, रांगेने.

ते पारव्याचे पीस होते. वसाहतीच्या सज्जांवर पारवे भरपूर. बहुधा भिंतीपलीकडून संध्याकाळी गोळा केलेल्या पिसांबरोबर ते आले असावे. पण कोणते पीस कधी आणि कुठे उचलले हे लिहिलेले नसल्यामुळे तेही खात्रीने सांगता आले नाही.

ही सूक्ष्मदर्शकाची पद्धत नावारूपाला आली ती एका मोठ्या दुर्घटनेमुळे. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टनहून उडालेले एक प्रवासी विमान पक्ष्यांच्या थव्यावर आदळून कोसळले आणि ६२ जण मरण पावले. इंजिनात सापडलेले पिसांचे तुकडे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतल्या रॉक्सी लेबॉर्न यांच्याकडे आले आणि त्यांनी ते स्टार्लिंग या साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्याचे असल्याचे ओळखले. पुढे विमानाला धडकणाऱ्या पक्ष्यांची ओळख पटवणे हे एक स्वतंत्र शास्त्रच झाले, आणि त्यावरून इंजिने किती मोठा पक्षी सोसतील हे तपासले जाऊ लागले. एका धाग्यावरच्या गाठींचे महत्त्व मुलीला मी ही घटना सांगून समजावले.

शेवटी नळ्या पाहिल्या. मांजर किंवा कुत्रा पिसे चावून तोडतो. नळ्या तुटलेल्या, चेचलेल्या, पिसे लाळेने चिकटलेली मिळतात. शिकारी पक्षी एकेक पीस चोचीत धरून उपटतो. नळी टोकापर्यंत शाबूत राहते आणि कधी कधी दांड्यावर चोचीचा चिमटा उमटतो. आपोआप गळलेले पीसही शाबूत असते, पण ते झिजलेले असते आणि शेपटीची दहा पिसे एका जागी एका दिवशी गळत नाहीत. आमच्या बहुतेक नळ्या शाबूत होत्या. सहा पिसांच्या दांड्यावर एकसारखा चिमटा होता.

निष्पत्ती

नोंद अशी झाली: कोकीळ, बहुधा मादी; पिसे शिकारी पक्ष्याने उपटलेली असावीत; मृत्यूचे कारण अज्ञात. तरुणाला "शिक्र्याने मारली" असे हवे होते. पण मेलेला पक्षीही नंतर कोणी उपटून खाऊ शकतो. काचेवर आदळून पडलेला, आजारी, म्हातारा. उपटण्याच्या खुणांवरून उपटणे कळते, मृत्यू कळत नाही.

उंदरांच्या विषाशी या पक्ष्याचा संबंध जोडणे कठीण होते, कारण कोकीळ मुख्यतः फळे खाते, उंदीर पकडत नाही. काकांनी तक्रार नव्याने लिहिली. त्यात पक्ष्याचा मृत्यू नव्हता. उघड्यावरच्या गोळ्यांचे फोटो होते, घुबडांपर्यंत आणि मांजरांपर्यंत धोका कसा पोचतो ते होते, आणि गोळ्या बंद पेट्यांत ठेवण्याची मागणी होती. ती मान्य झाली, मात्र पेट्या यायला बरेच आठवडे गेले. विष पूर्ण बंद करावे ही त्यांची मूळ मागणी अजून तशीच पडून आहे. मला ती योग्य वाटते.

त्याच सोमवारी संध्याकाळी पिंगळ्यांची जोडी फांदीवर आली होती. हे रविवारीही कोणी पाहायला गेले असते तर दिसले असते. घबराट झाल्यावर झाडाकडे पाहायचे कोणाला सुचले नाही.

पुन्हा अशी वेळ आली तर

सगळ्यांत मोठे नुकसान रविवारी सकाळीच झाले होते. पिसे उचलण्याआधी जागेचा एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून, घ्यायला हवा होता. पिसे एका वर्तुळात पडली होती की वाऱ्याने रेघेत पसरली होती, वर फांदीवर काही अडकले होते का, विष्ठेचे पांढरे डाग होते का, यातून बरेच कळले असते. शिकारी पक्षी बऱ्याचदा ठरलेल्या ठिकाणी बसून पिसे उपटतो. सोमवारी सकाळी मी पोचेपर्यंत जागा झाडून झाली होती. मुलीला यात दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. दोन ठिकाणची पिसे दोन कागदी पाकिटांत, वर तारीख, वेळ आणि जागा, एवढे झाले असते तर करड्या पिसावर आमचे दोन तास गेले नसते.

माझ्याकडून झालेली चूक मी वर लिहिली आहे. आता कोणी पीस पाठवले की मी आधी चार गोष्टी मागते: वरच्या बाजूचा फोटो, खालच्या बाजूचा फोटो, पट्टीसह लांबी, आणि प्रकाशाकडे धरून काढलेला एक फोटो. हा शेवटचा फोटो निळ्या पिसांसाठी फार कामाचा. नीलपंख किंवा खंड्याच्या पिसातला निळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. पीस उजेडाविरुद्ध धरले की तो जातो आणि तपकिरी उरतो.

एका निर्णयाबद्दल मी अजूनही पुरती निश्चिंत नाही. ओळख झाल्यावर मुलीला शेपटीचे एक पीस वहीत ठेवायचे होते. मी नको म्हटले. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार त्या यादीतल्या पक्ष्याचे गळून पडलेले पीसही परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण त्यामागचा विचार एकच: सापडलेले पीस आणि पक्षी मारून काढलेले पीस पाहून वेगळे करता येत नाही, आणि पिसांना किंमत आली की पक्षी मरतात. हे सगळे मी तिला सांगितले. तिचा चेहरा उतरला. दहा पिसांचा पंखा जुळवण्याचे काम तिचे होते.

तिने मग प्रत्येक पिसाचे चित्र काढले. मूळ आकारात, लांबी मिलिमीटरमध्ये, डावे की उजवे ते लिहून. चिमट्याच्या खुणा लाल पेन्सिलीने. पिसे आम्ही त्याच झाडाखाली परत ठेवली. पुढच्या आठवड्यात तिने मला दुसरे एक पीस पाठवले, पट्टीसह, चारही फोटो, आणि खाली लिहिले होते: "उजव्या पंखाचे. नाव अजून शोधले नाही."